एकशेवीस शब्द

दरवर्षी मार्चमध्ये समिती तीन घराणी निवडते
आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे येतं,
कारण तीस वर्षं मी कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून
साऱ्या काउंटीच्या ट्रकांचं
भरलं आणि रिकामं वजन लिहीत आले,
आणि माझं अक्षर बरं आहे.
पितळी पाटीवर एकशेवीस शब्द मावतात.
वर एक गेला तरी रस्टन जादा पैसे लावतो.

यंदा पहिलं नाव श्लोटहाउअर.
लिहिलं: व्होल्गाकाठून नेब्रास्कात आले, पहिला पाट खणला,
बीट लावलं, आज चौथी पिढी.
लिहिलं नाही: पाट खणताना
अमेलियाला सातवा महिना होता
आणि फावडं दोघांच्या हातात सारखंच होतं.
पाटाला पाणी सुटायच्या आत मूल गेलं.
जिथे पुरलं, ती जागा पुढे आखणीत आली,
म्हणून पाट तिथे चार हात वळतो.
नवे इंजिनिअर नकाशा पाहून विचारतात,
सरळ रानात हा बाक कशाला?
आम्ही म्हणतो, जमीनच तशी आहे.

दुसरं, ऑर्विल टिबेट्स आणि मुलगे.
पांढऱ्या घेवड्याचं वाण, तांबेऱ्याला दाद न देणारं,
ज्यानं हे खोरं तारलं.
खरं आहे. तारलं.
पण गारपिटीनंतर सडलेल्या वावरात
एकच वेल हिरवा उभा होता
आणि त्याला एप्रनचा बंद बांधून ठेवला
तो ऑर्विलच्या बहिणीनं, हेस्टरनं.
तिला ऐकू येत नसे.
सात हिवाळे ती टेबलावर मेणकापड पसरून
एकेक दाणा दिव्यासमोर धरी,
चार बाजूला, एक ओच्यात.
विद्यापीठाचा माणूस आला त्या दिवशी
ती मागे कोंबड्यांना दाणे टाकत होती.
सही ऑर्विलनं केली.
तो वाईट माणूस नव्हता.
त्याला कुणी विचारलं नाही,
आणि तो आपणहून बोलला नाही.
शब्द मोजले: एकशेअठरा.
हेस्टर टिबेट्स. दोन शब्द. बसले.

तिसऱ्या नावावर समिती नऊ वर्षं अडून होती.
सारागोसांच्या नावावर जमीन कुठंय?
मी काट्याच्या जुन्या वह्या काढल्या,
टेबलावर ठेवल्या, आणि हिशेब मांडला:
एवढे टन, एवढे एकर,
वीतभर अंतरावर एक रोप राखायचं, बाकीची उपटायची,
खुरप्याचा दांडाही वीतभरच,
म्हणजे मे ते जुलै एक माणूस
किती मैल वाकून चालला.
आकडा मी मोठ्यानं वाचला नाही.
वही त्यांच्याकडे फिरवली.
बर्ट कोल्हॉफनं चष्मा काढून पुसला,
परत घातला, आणि म्हणाला, कॉफी संपलीय का?
हात वर झाले. पाचास दोन.

मग मी युसेबियाकडे गेले. एक्याण्णव वर्षं.
काय लिहू, विचारलं.
ती म्हणाली, रात्री दोनला पाण्याची पाळी यायची,
मालक झोपलेले, दारं आम्हीच धरायचो.
पोरांना कुठे ठेवणार?
पाट जिथे वळतो ना, तिथे पाणी सावकाश चालतं,
आवाज बारीक होतो,
तिथे गोधडी टाकून निजवायचे.
पाचही पोरं तिथेच निजली.
कधी कुणी रडलं नाही बघ.
तो बाक कशाचा, तिला ठाऊक नव्हतं.
मी सांगितलं नाही. अजून कळत नाही,
सांगायला हवं होतं का.

ऑगस्टात जत्रेच्या मंडपात जेवण झालं.
माइक शिट्टी मारत होता,
मागच्या गोठ्यातून कुणाचं तरी बक्षिसाचं वासरू हंबरत होतं.
युसेबियानं पाटी मांडीवर घेतली
आणि बोटानं एकेक अक्षर वाचत गेली,
नवऱ्याचं नाव, दिराचं, स्वतःचं,
मग ‘विरळणी’पाशी बोट थांबलं.
व्हर्ला, ती मला म्हणाली,
हा शब्द फार लहान आहे.